विश्लेषण : टर्बो इंजिनचे हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा का उडते? जाड पॅकिंग हा उपाय आहे का?

जुलैचा महिना. मौदा तालुक्यात रोवणी सुरू झालेली. बांधीत गुडघाभर चिखल, मागे रोटाव्हेटर, ट्रॅक्टर सकाळपासून पूर्ण ताकदीने चिखलणी करतो आहे. दुपारी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो, रेडिएटरमधून पाणी बाहेर फेकले जाते आणि पांढरा धूर सुरू होतो. हेड गॅस्केट उडालेले असते. पऱ्हे उपटून ठेवलेले, मजूर बांधावर बसलेले. मालक मिस्त्रीला म्हणतो, ‘‘मागच्या वर्षीच बदलले होते. या वेळी काही तरी पक्के करा.’’ मिस्त्रीचे उत्तर ठरलेले असते : ‘‘टर्बोची गाडी आहे, प्रेशर जास्त पडते. हेड फेस मारू आणि जाड पॅकिंग टाकू. कॉम्प्रेशन थोडे उतरले की त्रास नाही.’’

हाच संवाद राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या गॅरेजमध्येही ऐकू येतो. तिथे ट्रॅक्टरऐवजी एनटीपीसीच्या मौदा औष्णिक वीज केंद्रातून राख वाहणारा टिप्पर असतो किंवा भंडाऱ्याच्या दिशेने निघालेला मालट्रक. जाड गॅस्केट टाकल्याने कॉम्प्रेशन रेशो उतरतो, हे खरे आहे. त्याने इंजिन वाचते, हे मात्र बहुतेक वेळा खरे नाही. गॅस्केटची जाडी हे औषध नसून मोजमापाचा हिशेब आहे आणि तो अंदाजाने करण्याची सवय मोडायला हवी.

हेड गॅस्केट नेमके काय सांभाळते?

इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामधला हा पातळ थर एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. सिलिंडरमधला जळता वायू, हेडकडे जाणारे पाणी आणि वर चढणारे ऑइल. वायू पाण्यात शिरला की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. पाणी सिलिंडरमध्ये गेले की पांढरा धूर निघतो. पाणी ऑइलमध्ये मिसळले की ते दुधाळ होते.

या थरावर किती ताण येतो, याचा अंदाज एका हिशेबाने येईल. १०० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये जळताना दाब १५० बारपर्यंत गेला, तर तेवढ्या एका सिलिंडरपुरते हेडला वर ढकलणारे बळ सुमारे १२ टन असते. म्हणजे भरलेल्या मध्यम ट्रकचे वजन, प्रत्येक स्फोटागणिक. हेडचे बोल्ट हे बळ पेलतात आणि तरीही गॅस्केट दाबून धरतात. बोल्टची पकड थोडी सैल असेल, हेड किंचित वाकलेले असेल, तर पहिला बळी गॅस्केटचाच जातो.

सुपरचार्जिंगने काय बदलते?

साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जिंग म्हणजे ती हवा दाबून आत भरणे. हे काम क्रँकवरून चालणारा पंप करत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी टर्बाइन करत असेल तर टर्बोचार्जर. भारतीय रस्त्यांवर आणि शेतांत जवळपास सगळीकडे टर्बोच दिसतो. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये त्यालाच ‘टर्बो सुपरचार्जर’ म्हणत आले आहेत. तत्त्व एकच आहे.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची एकूण जागा आणि पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा यांचे गुणोत्तर. १७.५ रेशो म्हणजे साडेसतरा भाग हवा दाबून एका भागात आणली. डिझेल इंजिनमध्ये याच दाबाने हवा इतकी तापते की डिझेल फवारताच पेटते.

साध्या डिझेल इंजिनमध्ये, १७.५ रेशो असेल तर डिझेल पेटण्याआधीच सिलिंडरमधला दाब ढोबळ हिशेबाने ४७ बारच्या आसपास जातो. त्याच इंजिनमध्ये टर्बोने १ बार बूस्ट दिला, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेचा दाब दुप्पट केला, तर हा आकडाही दुप्पट होऊन ९५ बारच्या घरात पोहोचतो. स्फोट त्यानंतरचा. म्हणूनच टर्बो इंजिन बनवताना कंपन्या रेशो काहीसा कमी ठेवतात. भारतीय रेल्वेचे गाजलेले डब्ल्यूडीएम-२ हे २६०० अश्वशक्तीचे इंजिन याचे मोठे उदाहरण. त्याच्या १६ सिलिंडरच्या टर्बो सुपरचार्ज्ड इंजिनचा रेशो १२.५ होता.

कंपनी रेशो कमी करते, मग गॅरेजने केला तर काय बिघडले?

कंपनी तो कमी करते पिस्टनच्या डोक्यातली वाटी मोठी करून किंवा दहनकक्षाचा आकार बदलून. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यातली फट ती तशीच अरुंद ठेवते. जुने मिस्त्री या फटीला ‘बंपिंग क्लिअरन्स’ म्हणतात आणि शिशाची तार ठेवून ती मोजतात. बहुतेक वेगवान डिझेल इंजिनांत ती एक मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

ही फट अरुंद असण्याला कारण आहे. पिस्टन वर येताना कडेची हवा जोराने मधल्या वाटीत ढकलली जाते. त्या झोतामुळे डिझेल आणि हवा नीट मिसळतात आणि जळण लवकर, पूर्ण होते. जाड गॅस्केट टाकले की वाटी तशीच राहते आणि फट रुंद होते. कडेच्या हवेचा काही भाग तिथेच पडून राहतो, झोत मंदावतो. रेशो उतरतो, पण जळणही बिघडते. परिणाम ओळखीचे आहेत : सकाळी सुरू होताना पांढरा धूर, ओढताना काळा धूर, कमी ओढ आणि जास्त डिझेल. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकमध्ये हा धूर थेट काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये साचतो. म्हणजे गॅस्केटवर वाचवलेला पैसा फिल्टरवर खर्च होतो.

जाड गॅस्केटने खरोखर किती फरक पडतो?

एक लिटरचा सिलिंडर, व्यास १०० मिमी, रेशो १७.५ असे इंजिन घेऊ. पिस्टन वर असताना उरलेली जागा सुमारे ६०.६ घन सेंमी. गॅस्केट ०.१ मिमी जाड झाले तर त्यात जेमतेम ०.८ घन सेंमीची भर पडते आणि रेशो १७.३ होतो. अर्धा मिमी वाढवला तर तो १६.५ वर येतो.

हे एका अंकाचे उतरणे कितपत उपयोगी आहे? ४५ अंश सेल्सिअसची हवा १७.५ रेशोने दाबली तर ढोबळ हिशेबाने ती ५९० अंशांच्या पुढे तापते. १६.५ ने दाबली तर ५७५ अंशांपर्यंत. फरक साधारण १८ अंशांचा. आता दुसरी बाजू पाहू. सिलिंडरमध्ये शिरणारी हवाच ७ अंशांनी जास्त गरम असेल, तर दाबल्यावर ती सुमारे १९ अंशांनी जास्त तापते. म्हणजे धूळ-चिखलाने चोंदलेल्या इंटरकूलरने हवा नुसती ७ अंशांनी गरम राहू दिली, तरी अर्ध्या मिमीच्या जाड गॅस्केटची सगळी कमाई संपते.

दाबाचेही तसेच. एक अंक रेशो उतरल्याने दाब सात-आठ टक्क्यांनी कमी होतो. पण पंपाचा स्क्रू फिरवून किंवा संगणकी नियंत्रणात बदल करून बूस्ट १ बारवरून १.२ बार केला, की आत शिरणाऱ्या हवेचा दाब २ वरून २.२ बार होतो आणि दहा टक्के वाढ परत येते. ‘पिकअप’साठी बूस्ट वाढवायचा आणि ‘गॅस्केट टिकावे’ म्हणून जाड पॅकिंग टाकायचे, हे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडण्यासारखे आहे.

पेट्रोल गाडीत हे वेगळे आहे का?

पेट्रोल इंजिनमध्ये जास्त रेशो आणि जास्त बूस्ट यांचा धोका दाबाइतकाच ‘नॉकिंग’चा असतो. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटते, धातूवर हातोडी पडल्यासारखा आवाज येतो आणि त्या धक्क्यांनी गॅस्केटची कड फाटते. म्हणून साध्या पेट्रोल इंजिनपेक्षा टर्बो पेट्रोलचा रेशो बहुधा कमी असतो.

बाहेरून टर्बो बसवणारे हौशी लोक यावर जाड गॅस्केटचा सोपा मार्ग शोधतात. ३०० घन सेंमीच्या, ७३ मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये १ मिमी जाडी वाढवली की रेशो १० वरून ९ वर येतो. कागदावर हिशेब सुंदर दिसतो. प्रत्यक्षात कडेची फट एक मिमीची दोन मिमी झालेली असते, तिथले मिश्रण नीट ढवळले जात नाही आणि नॉकिंग नेमके तिथेच सुरू होते. रेशो खरोखर कमी करायचा असेल, तर पिस्टन बदलणे हाच सरळ मार्ग आहे. महाग आहे म्हणून त्याला जाड गॅस्केट हा पर्याय ठरत नाही.

योग्य जाडी ठरते कशी?

अनेक डिझेल इंजिनांसाठी कंपनी एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या देते. गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोके असतात. एक, दोन, तीन. त्यांच्या संख्येवरून जाडी कळते. हा ‘हलका’ आणि ‘भारी’ माल असा फरक नाही. कारखान्यात प्रत्येक ब्लॉक, रॉड आणि पिस्टन यांच्या मापात केसाएवढा फरक पडतो. त्यामुळे पिस्टन पूर्ण वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर डोकावतो, हे प्रत्येक इंजिनात वेगळे असते. जास्त डोकावत असेल तर जाड गॅस्केट, कमी असेल तर पातळ. हेतू हा की शेवटी फट तेवढीच राहावी.

हे मोजायला डायल गेज लागतो. ब्लॉकवर गेज शून्य करायचा, पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, पिनच्या रेषेत दोन ठिकाणी माप घ्यायचे. असे सगळ्या सिलिंडरचे करून, सर्वांत मोठा आकडा धरून कंपनीच्या तक्त्यातून गॅस्केट निवडायचे. चार सिलिंडरच्या इंजिनला अर्धा तासही पुरतो.

इथे आणखी एक गैरसमज आहे. ‘हेड फेस मारले, म्हणून जाड गॅस्केट हवे.’ ज्या पेट्रोल इंजिनचा दहनकक्ष हेडमध्ये असतो, तिथे हे बरोबर. हेड घासले की कक्ष लहान होतो आणि रेशो वाढतो. पण बहुतेक ट्रॅक्टर-ट्रकच्या डिझेल इंजिनांत हेड खालून सपाट असते आणि वाटी पिस्टनमध्ये असते. तिथे हेड घासल्याने रेशो जवळपास बदलतच नाही. बदलते ते व्हॉल्व्ह हेडमध्ये किती आत बसतात हे माप, आणि ते तपासायला हवे. ब्लॉक घासला, पिस्टन किंवा रॉड बदलला, तर मात्र पिस्टन किती डोकावतो ते नव्याने मोजलेच पाहिजे.

कुठल्या प्रकारचे गॅस्केट चांगले?

जुन्या इंजिनांत तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असे. नंतर ग्रॅफाइट किंवा तंतूंचे थर असलेली गॅस्केट आली. ती मऊ असल्याने थोडा खडबडीतपणा सामावून घेतात, पण मोठ्या बूस्टमध्ये लवकर थकतात. अलीकडच्या टर्बो इंजिनांत स्टीलच्या अनेक पातळ पत्र्यांचे गॅस्केट असते. सिलिंडरभोवतीची त्याची उभारी स्प्रिंगसारखी काम करते. हेड प्रत्येक स्फोटाला सूक्ष्म उचलले गेले तरी ती संपर्क सोडत नाही. दाब सोसायला हाच प्रकार सरस.

पण त्याची अट कडक आहे. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत आणि सरळ हवा. पॉलिश पेपर हाताने फिरवलेल्या किंवा खोल रेघा पडलेल्या हेडवर उत्तम स्टील गॅस्केटही गळते. त्यावर वरून शेलॅक किंवा सिलिकॉन फासणे हाही इलाज नाही. कंपनीने सांगितले नसेल तर ते लावूच नये. ठरावीक टॉर्कनंतर ठरावीक अंशात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. ते पुन्हा वापरले तर पकड कमी मिळते. नवे गॅस्केट आणि जुने ताणलेले बोल्ट ही जोडी अनेक ‘पुन्हा उडालेल्या’ गॅस्केटमागे असते.

मग मौद्याच्या उन्हात इंजिन तापते, त्याचे काय?

गॅस्केट उडणे हा बहुतेक वेळा आजार नसतो, लक्षण असते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. चिखलणीत ट्रॅक्टरची चाल कमी आणि भार पूर्ण, म्हणजे वाऱ्याची मदत नाही. कापणी-मळणीच्या दिवसांत तणसाचा भुसा रेडिएटरच्या जाळीवर गादीसारखा बसतो. राखेच्या टिप्परमध्ये तेच काम राख करते. थंड करणारी व्यवस्था अशी गुदमरली की हेड वाकते आणि वाकलेल्या हेडखाली कितीही जाड गॅस्केट टिकत नाही. बहुतेक इंजिनांत हेडचा बाक मिमीच्या दशांशापेक्षाही कमी असावा लागतो.

दोन स्थानिक सवयी यात भर घालतात. एक, उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकणे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याचा आडमार्ग बंद करतो. तोच काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता आडमार्गाने पुन्हा इंजिनात फिरते आणि भाराखाली इंजिन उलट जास्त तापते. दुसरी, कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी. त्याचा क्षार पाण्याच्या वाटांमध्ये साचतो, लायनरला खड्डे पडतात. रेडिएटरचे झाकण ढिले असेल तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि हेडच्या ज्या भागाला सर्वाधिक गारव्याची गरज असते तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात.

वेट लायनरच्या इंजिनांत आणखी एक माप महत्त्वाचे असते. लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिमीच्या काही शतांशांनी वर असावा लागतो, म्हणजे गॅस्केट त्याच्या कडेवर घट्ट दाबले जाते. एखादा लायनर खाली बसला असेल तर त्या सिलिंडरचे गॅस्केट वारंवार उडणारच. जाडीने ती उणीव भरून निघत नाही.

दोष मिस्त्रीचा आहे का?

सगळा त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जाड पॅकिंगची सवय आकाशातून पडलेली नाही. विहिरीवरच्या जुन्या, संथ, एका सिलिंडरच्या इंजिनांत सिलिंडरखाली पातळ पत्रे कमी-जास्त करून बंपिंग क्लिअरन्स जुळवणे ही रीतसर पद्धत होती. त्या पिढीच्या मिस्त्रींनी शिशाच्या तारेने मोजूनच काम केले. पुढच्या हातांत पॅकिंग आले, तार मात्र मागे राहिली.

मालकाचाही यात वाटा आहे. रोवणी थांबली आहे, टिप्परचा हप्ता तोंडावर आहे, म्हणून त्याला गाडी संध्याकाळपर्यंत हवी असते. मोजायला लागणाऱ्या वेळेचे पैसे देण्याची त्याची तयारी नसते. गॅस्केटचे पैसे मात्र तो दोनदा, तीनदा देतो. दुकानदाराकडे जी जाडी शिल्लक असेल तीच ‘हीच लागते’ म्हणून विकली जाते. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात डायल गेज शिकवला जातो, पण महामार्गावरच्या गॅरेजमध्ये तो वापरावा असा आग्रह कोणी धरत नाही.

बदल कुठून सुरू व्हावा?

बिलापासून. हेड उतरवण्याच्या प्रत्येक बिलावर चार आकडे लिहिले जावेत : पिस्टन किती डोकावतो, हेडचा बाक किती, लायनर किती वर आहे आणि कुठल्या खाचेचे गॅस्केट टाकले. त्याखाली एक ओळ, गॅस्केट उडण्याचे सापडलेले कारण. एवढे लिहायचे म्हटले की मोजावे लागते आणि कारण शोधावेच लागते. मालकाला पुढच्या वेळी हातात पुरावा राहतो, आणि ज्या मिस्त्रीने नीट काम केले त्यालाही संरक्षण मिळते. त्या मोजमापाची वेगळी मजुरी मालकाने हसत द्यायला हवी, कारण दुसऱ्यांदा हेड उतरवण्यापेक्षा ती स्वस्तच पडते. भाड्याने ट्रॅक्टर-हार्वेस्टर देणारे शेतकरी गट आणि टिप्परमालकांच्या संघटना यांनी हा आग्रह आधी धरावा. त्यांच्याकडे गाड्या जास्त आहेत आणि नुकसानही.

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन मानके लागू झाली. टर्बो आणि संगणकाने नियंत्रित होणारे इंधन आता महामार्गावरून बांधीतही उतरले आहे. या इंजिनांना मिमीच्या दशांशाचा फरक कळतो. तो गॅरेजलाही कळला, तर पुढच्या रोवणीला पऱ्हे वेळेवर लागतील.